४७ रोनिन (२०१३): वाट बघणं कापलं आणि चेटकीण घातली

पडदानशीन

काल पोरं झोपल्यावर '४७ रोनिन' परत पाहिला. आला तेव्हा थ्रीडी चष्मा लावून पाहिला होता आणि डोकं दुखलं होतं. ते चष्म्यामुळे दुखलं की सिनेमामुळे, एवढंच तपासायचं होतं. चष्मा निर्दोष सुटला.

पुढे रसभंग आहे. पण तीनशे वर्षांपूर्वीच्या घटनेचा काय डोंबलाचा रसभंग करणार!

न पाहिलेल्यांसाठी: आको नावाच्या जहागिरीचा धनी असानो. त्याच्या आश्रयाला काई (कीआनू रीव्हज), अर्धा जपानी, अर्धा इंग्रज, जंगलात तेंगू नावाच्या भुताखेतांत वाढलेला. शेजारचा कपटी उमराव किरा. त्याच्या पदरी एक चेटकीण (रिंको किकुची), एक डोळा एका रंगाचा, दुसरा दुसऱ्या. ही बया वाटेल तेव्हा कोल्हीण होते आणि शेवटी चक्क ड्रॅगन. ती असानोवर भूल घालते, भुलीत तो निःशस्त्र किरावर तलवार उपसतो, आणि शोगुन, म्हणजे जपानचा खरा सत्ताधीश, त्याला सेप्पुकूचा, म्हणजे पोट चिरून मरायचा, हुकूम देतो. त्याची माणसं रोनिन होतात, म्हणजे धनी नसलेले सामुराई. मुख्य कारभारी ओइशी (हिरोयुकी सानादा) वर्षभर खड्ड्यात डांबला जातो, सुटल्यावर माणसं गोळा करतो, काईला देजिमा बेटावरच्या डच लोकांच्या तावडीतून सोडवतो. मग तलवारी, मग हल्ला, मग ड्रॅगन.

सिनेमात जादू असायला माझी ना नाही. आपण लहानपणी 'चांदोबा' वाचून मोठे झालेलो आहोत, वेताळाचं वावडं कोणाला असणार? तक्रार वेगळीच आहे. दिग्दर्शकाने जादू नेमकी कुठे घातलीय बघा.

मूळ घटनेत सगळ्यात गूढ जागा एकच: असानोने हत्यार का उपसलं? एप्रिल १७०१, एदोचा (आजच्या तोक्योचा) किल्ला, सम्राटाचे दूत आलेले, दरबारी सोहळ्याचा दिवस, आणि हा तरणाताठा जहागीरदार पाइन वृक्षांची चित्रं असलेल्या दालनात आखूड तलवार काढून किराच्या कपाळावर आणि पाठीवर वार करतो. 'जुना राग होता' असं काहीतरी म्हणतो. कसला राग, ते कोणालाच नीट कळलं नाही आणि त्याच दिवशी त्याने पोट चिरलं. तीनशे वर्षं लोक ह्या एका प्रश्नावर नाटकं लिहितायत. सिनेमाने तिथे काय केलं? चेटकीण. प्रश्न मिटला. धन्याचा दोष नाही, राग नाही, उतावळेपणा नाही. बिचाऱ्याला बाहेरचं झालं होतं!

दुसरी जागा वाट बघण्याची. धनी गेल्यापासून हल्ल्यापर्यंत पावणेदोन वर्षं गेली. ह्या काळात ओइशी क्योतोजवळ यामाशिनात राहिला, आणि दारू पिऊन, बायांच्या वस्तीत लोळून त्याने आपली अब्रू स्वतःच्या हाताने घालवली, म्हणजे किराचे हेर गाफील राहावेत, अशी कथा आहे. सूडकथेतला सगळ्यात अवघड भाग हाच. मारायचं तर कोणीही मारेल. पावणेदोन वर्षं आपल्याच लोकांचं 'थू' ऐकायचं, ते कोण करेल? सिनेमाने त्याला खड्ड्यात टाकलं, 'एक वर्षानंतर' अशी पाटी लावली आणि वर काढला.

सानादासारखा नट हाताशी असून त्याच्याकडून पावणेदोन वर्षांचं खोटं वागणं करून घेत नाही, ह्याला काय म्हणावं!

-----

रात्रपाळी

धागा आवडला, पण पडदानशीन, तुम्ही फार मनाला लावून घेताय. मी हा सिनेमा रात्री दोन वाजता कामावर जेवताना पाहिलाय, डब्यात मेथीची भाजी होती. टीपी म्हणून झक्कास आहे. सुरुवातीचं ते शिंगवालं जनावर, जांभळे-हिरवे रेशमी कपडे, देजिमावरची मारामारी. पैसा दिसतो पडद्यावर.

-----

चहाचं_आधण

पैसा दिसतो म्हणजे, दिसलाच पाहिजे. खर्चाचा आकडा १७.५ कोटी डॉलर छापून आला होता आणि जगभरातून आले १५ कोटींच्या आसपास. त्यात थेटरवाल्यांचा वाटा वजा करा, म्हणजे किती खोल गेला ते कळेल. दिग्दर्शक कार्ल रिन्श ह्यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. आधी २०१२ च्या शेवटी यायचा होता, ढकलत ढकलत २०१३ चा नाताळ उजाडला. पहिल्याच खेपेला कोणी लग्नाच्या पंगतीचा स्वयंपाक करायला घेतो का?

पोस्टर आठवतंय का कोणाला? सगळ्या चेहऱ्यावर कवटी गोंदवलेला माणूस, कीआनूच्या बरोबरीने झळकत होता. सिनेमात तो डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत दिसतो. बास.

-----

बखरबहाद्दर

पडदानशीन, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी सहमत, दुसऱ्यात थोडी भर घालतो. भर मोठी आहे, चहा घेऊन बसा.

ओइशी पहिल्या दिवसापासून सूडाची वाट बघत होता, हे नाटकवाल्यांनी रंगवलेलं चित्र. कागदपत्रांतून दिसतो तो आधी कारभारी. धन्याला धाकटा भाऊ होता, असानो दाइगाकू. ओइशीची खटपट अशी की शोगुनने ह्या भावाच्या नावाने घराणं परत उभं करू द्यावं. जहागीर साधारण ५० हजार कोकूंची, म्हणजे तेवढ्या तांदळाच्या उत्पन्नाची, तीनशेच्या आसपास सामुराई कुटुंबं तिच्यावर जगत होती. ती टिकली तर सूड कशाला? किल्ला न लढता खाली करून देणं, वर अर्ज-विनंत्या, मध्यस्थ, हे सगळं त्यासाठी. एदोतली तरुण मंडळी, विशेषतः होरिबे यासुबेई, ह्यावर चिडून होती. त्यांचं म्हणणं, म्हातारा किरा उद्या अंथरुणात मेला तर आपण काय तोंड दाखवायचं?

१७०२ च्या उन्हाळ्यात दाइगाकूला असानो घराण्याच्या हिरोशिमाच्या थोरल्या पातीच्या हवाली करायचा हुकूम निघाला आणि घराणं उभं राहायची आशा संपली. त्यानंतर क्योतोत बैठक झाली आणि हल्ल्याचं पक्कं ठरलं.

आता ऐका, सिनेमात नसलेला सगळ्यात भारी प्रसंग. सुरुवातीला शंभराहून जास्त लोकांनी शपथपत्रं लिहून दिली होती. बैठकीनंतर ओइशीने दोन माणसं घरोघर पाठवली, ती शपथपत्रं परत करायला. निरोप असा की बेत रद्द झाला, आपापलं बघा. ज्याने सुटकेचा श्वास टाकून कागद घेतला, त्याला तो घेऊ दिला. जो भडकला, 'कागद घेत नाही, जा सांग त्याला' म्हणाला, त्यालाच फक्त खरं सांगितलं. असे उरले पन्नासेक. पुढे त्यातलेही काही गळाले आणि शेवटी राहिले ४७.

विचार करा, हा प्रसंग पडद्यावर कसा दिसला असता. दार किलकिलं उघडतं, आतून पोराच्या रडण्याचा आवाज, दोन हात पुढे येतात. कागद घेतात की नाही, एवढंच बघायचं. ड्रॅगनची गरज आहे?

-----

मुक्ता_प

बखरबहाद्दर, _/\_. ते शपथपत्राचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. आणि ज्यांनी कागद घेतले त्यांचंही वाईट वाटलं हो. पोराबाळांची माणसं असतील.

शंका: मग राग कशाचा होता? मी कुठेतरी वाचलं होतं की किराला हवी तशी लाच दिली नाही म्हणून तो असानोला रीतिरिवाज चुकीचे शिकवत होता. आणि मिठावरून काहीतरी.

-----

बखरबहाद्दर

मुक्ताताई, दोन्ही सांगितलं जातं. किरा दरबारी शिष्टाचाराचा अधिकारी, दूतांच्या स्वागताची जबाबदारी असानोवर, म्हणजे एका अर्थी हा गुरू आणि तो चेला. गुरुदक्षिणा द्यायची पद्धत होती, ती कमी पडली म्हणे. मिठाचं असं, की आकोचं मीठ नावाजलेलं. किराच्या मुलुखातही मीठ पिकायचं, म्हणून मिठागरांच्या युक्त्यांवरून वैर, अशी लोककथा. दोन्हीला पुरावा नाही. असानो मुळातच तापट होता, असंही म्हणतात.

रच्याकने, सिनेमाने वयांचा केलेला घोळ कोणी पाहिला का? खरा असानो मेला तेव्हा पस्तिशीच्या आत होता आणि किरा साठीचा. सिनेमात असानो पिकल्या केसांचा (मिन तानाका) आणि किरा तरणाबांड (तादानोबू असानो). आणि गंमत बघा, किराचं काम करणाऱ्याचं आडनावच असानो!

-----

चहाचं_आधण

हा हा, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि वय उलटं करण्यामागचं कारण सरळ आहे. सत्तेचाळीस धडधाकट पुरुष एका साठीच्या म्हाताऱ्याला पहाटे कोळशाच्या कोठारातून ओढून काढतात, ह्यात पडद्यावर शौर्य कसं दाखवणार?

-----

रोखठोक

आधण, नेमकं बोललात. मला तर सगळं प्रकरणच खटकतं. किराने हत्यार उगारलंच नव्हतं. मार खाल्ला त्याने. कपाळावर व्रण घेऊन घरी गेला. पावणेदोन वर्षांनी रात्री घरात घुसून त्याला मारलं, त्याची चाकरमाणसं मारली, मुंडकं कापून नेलं. हल्लेखोरांपैकी एकही मेला नाही, ह्यावरूनच कळतं की समोरचे झोपेत होते. ह्याला आपण आज बातमीत वाचलं तर काय म्हणू?

मिकावा प्रांतात, म्हणजे आता आइची प्रिफेक्चरमधल्या निशिओ शहरात, किराचं स्वतःचं गाव. तिथे त्याने शेतीसाठी बांध घातला म्हणून सांगतात, आणि लाल घोड्यावरून गावात फिरणारा भला जमीनदार म्हणून आजही त्याची आठवण काढतात. पण नाटकं आकोवाल्यांची चालली ना.

-----

वकिली_बाणा

रोखठोक, बाजू चांगली मांडलीत. आता दुसरी बाजू ऐका, त्याशिवाय हे लोक चिडले कशावर ते कळत नाही.

त्या काळी जपानी सरदारांमध्ये एक जुना दंडक होता, भांडण झालं की दोघांनाही शिक्षा. कोणाचं चूक, कोणाचं बरोबर, बघायचं नाही. आकोवाल्यांचं म्हणणं, हा दंडक पाळला नाही. आमच्या धन्याला त्याच दिवशी, तेही परक्याच्या अंगणात, चौकशीशिवाय पोट चिरायला लावलं आणि किराला 'काळजी घ्या' सांगून घरी पाठवलं. त्यांच्या लेखी राग किरावर कमी आणि निकालावर जास्त. शोगुनविरुद्ध तर हत्यार उचलता येत नाही. मग निकालात जे अर्धं राहिलं होतं, ते पुरं करायचं.

सरकारची बाजूही बघा. किल्ल्यात हत्यार काढणं हाच मोठा गुन्हा. किराने काढलं नाही, म्हणजे हे भांडण नाही, हल्ला आहे. मग दोघांना शिक्षा कशी? मी न्यायाधीश असतो तर मलाही घाम फुटला असता.

आणि नंतरचा वाद तर ह्याहून सुंदर आहे. रोनिनांनी मुंडकं धन्याच्या थडग्यापुढे ठेवलं आणि स्वतःहून सरकारला वर्दी दिली. आता ह्यांचं करायचं काय? महिना-दीड महिना खल चालला. मुरो क्यूसो हा पंडित त्यांना 'धर्मनिष्ठ' म्हणत होता. सातो नाओकाता म्हणत होता, कसली निष्ठा, कायदा मोडलाय. ओग्यू सोराईने मधला मार्ग काढला: कृत्य त्यांच्या धर्माला धरून आहे पण कायद्याला धरून नाही, म्हणून चोरासारखं मुंडकं उडवू नका, सामुराईसारखं स्वतःच्या हाताने मरू द्या. मार्च १७०३ मध्ये तसंच झालं. मान राखला आणि जीवही घेतला. असा निकाल मी माझ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि कोर्टात उभं राहून मला पंचवीस वर्षं झाली.

सिनेमात शोगुन हे दोन वाक्यांत उरकतो.

-----

रात्रपाळी

वकीलसाहेब, तुमच्यासाठी वेगळा सिनेमा काढावा लागेल. फक्त कोर्ट. मी तिकीट काढेन.

पण पडदानशीन, एक मुद्दा तुमच्या नजरेतून निसटलाय. तेंगूंच्या देवळातला प्रसंग आठवा. तलवारी हव्यात म्हणून काई ओइशीला घेऊन जातो आणि सांगतो, आत काहीही दिसलं तरी तलवार उपसायची नाही. ओइशी बसतो. त्याला दिसतं की त्याची माणसं समोर कापली जातायत. हात मुठीवर जातो. बोटं पांढरी पडतात. उपसत नाही. तुमची पावणेदोन वर्षं त्या दोन मिनिटांत नाहीत का?

-----

पडदानशीन

रात्रपाळी, मेथीची भाजी खाता खाता तुम्ही हे टिपलंत आणि मी चष्म्याला दोष देत बसलो. मान्य! आत्ताच तेवढा प्रसंग परत लावून पाहिला. सानादाचा जबडा बघा, तो हलतोय. आणि गोष्टीच्या दृष्टीने बघितलं तर धन्याने जिथे तलवार उपसली आणि सगळं घालवलं, तिथे नोकर उपसत नाही. लेखकाला हे सुचलं होतं म्हणजे. जादूचा असा वापर असेल तर माझं काही म्हणणं नाही. ह्या जादूने माणसाची कसोटी लागते. चेटकिणीच्या जादूने माणूस सुटतो.

म्हणजे माझी तक्रार अर्धी मागे. उरलेली अर्धी कायम.

-----

निवृत्त_कारकून

उशिरा आलो, नातीला शाळेतून आणायचं होतं.

मी आयुष्यभर हिशेबाच्या वह्या पाहिल्या म्हणून मला ह्या प्रकरणातली एकच गोष्ट फार आवडते. ओइशीने कटाचा जमाखर्च लिहून ठेवला होता, आणि ती वही आजही आहे. हाती असलेली रक्कम सुमारे ६९० र्‍यो, म्हणजे तेवढी सोन्याची नाणी, त्यात धन्याच्या विधवेचा पैसा. बराचसा खर्च क्योतो-एदो येण्याजाण्याचा, कोणाच्या घरभाड्याचा, कोणाची चूल पेटत नव्हती त्याला मदतीचा, धन्याच्या श्राद्धपक्षाचा. शस्त्रांवर गेले ते त्यामानाने अगदी थोडे. हल्ल्याच्या आधी ही वही त्याने विधवेच्या कारभाऱ्याकडे पोचती केली. उद्या मरायचं आहे आणि आज हिशेब चुकता करून देतोय!

आमच्या हपिसात एका साहेबाने बदली होऊन जाताना चहाच्या बिलाचा हिशेब दिला नव्हता, तो अजून माझ्या लक्षात आहे. असो.

-----

मुक्ता_प

काका, __/\__. चहाचं बिल विसरू नका, कधीच.

-----

निशीकासाईकर

तोक्योत राहतो, इथे बरीच आपली मंडळी आहेत. दोन वर्षांपूर्वी गावाकडून आई आली होती, तिला देवळं बघायची होती. मी म्हटलं चल, सेंगाकुजीला जाऊ. निशी-कासाईहून तोझाई लाइन, निहोनबाशीला असाकुसा लाइन पकडायची, स्टेशनचं नावच सेंगाकुजी. चढावर थोडं चाललं की देऊळ.

दाराजवळ ओइशीचा ब्राँझचा पुतळा, हातात सह्यांची गुंडाळी. आत डाव्या अंगाला विहीर, भोवती कुंपण. ह्या पाण्यात किराचं मुंडकं धुतलं. आईने विचारलं, धुतलं का? मी म्हटलं, धन्यासमोर न्यायचं होतं ना, घाण कसं नेणार. ती 'हं' म्हणाली आणि पदर नीट केला.

वर पायऱ्या चढून गेलं की थडगी. तिथे एक माणूस उदबत्त्यांची जुडी पेटवून, छोट्या तसराळ्यासारख्या भांड्यात घालून देतो. एकेका थडग्यापुढे थोड्या थोड्या ठेवत जायचं. गर्दी नव्हती, तरी धुराने डोळे चुरचुरत होते, म्हणजे आमच्या आधी किती लोक येऊन गेले असतील. दगड सगळे सारखे, गुडघ्याच्या वर येतील एवढे, दाटीवाटीने. ओइशीच्या थडग्यावर छप्पर आहे, आणि कोपऱ्यात त्याच्या पोराच्याही. पोरगा म्हणजे चिकारा, पंधरा वर्षांचा. हल्ल्यात मागच्या दाराच्या तुकडीचा म्होरक्या तोच होता.

आईने तिथे सगळ्यात जास्त उदबत्त्या ठेवल्या. नाव तिला वाचता येत नव्हतं, मी वय सांगितलं होतं.

म्हणून सिनेमाच्या शेवटाचा मला राग आहे. शोगुन चिकाराला माफ करतो, बापाचा वंश राहावा म्हणून. प्रेक्षकांना घरी जाताना बरं वाटावं म्हणून. खऱ्या पोराला कोणी माफ केलं नाही.

-----

बखरबहाद्दर

निशीकासाईकर, फार छान लिहिलंत. भर एवढीच, त्या थडग्यांवरची मरणोत्तर नावं बघा पुढच्या वेळी. सेप्पुकू केलेल्या प्रत्येकाच्या नावात 'पातं' आणि 'तलवार' ही दोन अक्षरं आहेत.

अवांतर: ज्या वर्षांत हे चाललं होतं, तेव्हा इकडे औरंगजेब ताराबाईंचे किल्ले एकेक करून घेत होता. १७०१ पन्हाळा, १७०२ विशाळगड, १७०३ सिंहगड. दख्खनमध्ये घराघरात तलवारी झिजत होत्या आणि जपानात शिमाबाराचं बंड (१६३७-३८) सोडलं तर ओसाका पडल्यापासून, म्हणजे १६१५ पासून, सामुराईंना लढाईच नव्हती. कारकुनी करत होते, हिशेब लिहीत होते (काका, तुमचे जातभाई!). म्हणून एका रात्रीच्या मारामारीचं एवढं कौतुक झालं. आपल्याकडे अशी रात्र कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

-----

रोखठोक

मग संताजी घोरपड्यांना मारणारा नागोजी माने का लक्षात राहिला? तोही सूडच, मेव्हण्याचा.

-----

बखरबहाद्दर

रोखठोक, त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे सुरू केलं तर शंभर प्रतिसाद होतील आणि पडदानशीन आपल्याला हाकलतील.

-----

पडदानशीन

हाकलेन. :)

सिनेमात एक गोष्ट मात्र बेमालूम जमलीय आणि ती कोणीच बोललं नाही. किराच्या किल्ल्यात हे लोक कसे शिरतात? नाटकमंडळी बनून. त्याच्या लग्नात खेळ करायला आलेल्या नटांत मिसळून. खरी हकिगत बरोबर उलटी. खरे रोनिन मेल्यावर नाटकात शिरले. १७४८ मध्ये ओसाकाच्या ताकेमोतो थेटरात ह्यावर कळसूत्री बाहुल्यांचं नाटक आलं, ताबडतोब काबुकीवाल्यांनी, म्हणजे जिवंत नटांच्या नाटकवाल्यांनी, उचललं, आणि आजतागायत चालू आहे. सामुराईंच्या ताज्या घडामोडी रंगमंचावर आणायला बंदी होती, म्हणून कथा चारशे वर्षं मागे नेली आणि नावं बदलली. ओइशीचा ओबोशी युरानोसुके झाला. नाटकाच्या नावात 'काना देहोन', म्हणजे मुळाक्षरांचा कित्ता. जपानी मुळाक्षरं ४७ आणि हे ४७. सरकारला नावं बदलून दाखवली, प्रेक्षकाला आकड्याने डोळा मारला.

-----

चहाचं_आधण

व्वा! आकड्याने डोळा मारला, हे आवडलं.

सानादा आणि असानो, म्हणजे ओइशी आणि किरा, 'शोगुन' मालिकेत (२०२४) परत समोरासमोर आले आणि ह्या वेळी दोघांनी मैदान मारलं. सानादाला एमी मिळालं. निर्मात्यांतही त्याचं नाव आहे, म्हणजे कोणी चेटकीण घाला म्हणालं असतं तर नाही म्हणायचा अधिकार हातात होता. संवाद बहुतेक जपानीतच. आमच्या घरी सासूबाईंनी सुद्धा पाहिली, सबटायटल वाचत वाचत.

-----

वकिली_बाणा

एक राहिलंच. ह्या लोकांवर सगळ्यात कडक टीका करणारा कोण, माहिती आहे? 'हागाकुरे' ह्या सामुराई ग्रंथाचा यामामोतो त्सुनेतोमो, सामुराई धर्माचा कट्टर पुरस्कर्ता. त्याचं म्हणणं, एवढी वाट बघितलीच का? मध्येच किरा आजाराने मेला असता तर? सेंगाकुजीत मुंडकं ठेवल्यावर तिथेच पोटं का चिरली नाहीत? म्हणजे पडदानशीन ज्या वाट बघण्याला डोक्यावर घेतायत, तीच त्याच्या लेखी बाटलेली.

-----

पडदानशीन

त्याला म्हणावं, तू आधी शपथपत्र परत घे.

-----

मुक्ता_प

:D

एक बाळबोध प्रश्न. सेप्पुकू ४६ जणांनी केली असं वाचलं. मग ४७ कसे? आणि थडगी किती?

-----

बखरबहाद्दर

सत्तेचाळिसावा तेरासाका किचिएमोन. साधा पायदळातला शिपाई, बाकीच्यांपेक्षा हलक्या दर्जाचा. हल्ल्यानंतर तो गटात दिसत नाही. ओइशीने निरोप्या म्हणून पाठवला, की दर्जामुळे सोडून दिला, की पळाला, ह्यावर अजून वाद आहेत. बाकीच्या ४६ जणांना चार सरदारांच्या वाड्यांत वाटून ठेवलं होतं, १७, १०, १० आणि ९. तेरासाका मात्र ऐंशी ओलांडून मेला. म्हणजे खऱ्या गोष्टीतही एक जण वाचतो, फक्त तो कारभाऱ्याचा मुलगा नाही, शिपाई आहे.

थडग्यांचा आकडा निशीकासाईकर सांगतील.

-----

निशीकासाईकर

मोजले नव्हते तेव्हा. रविवारी तिकडे जायचंच आहे, मोजून सांगतो.

-----

निशीकासाईकर

आलो जाऊन. धनी आणि त्याची बायको वेगळे, ते धरले नाहीत. बाकीचे ४८ भरले. दोनदा मोजले, तिसऱ्यांदा एका जपानी आजोबांनी बोट धरून मोजून दिले, त्यांना वाटलं माझं चुकतंय.

आजोबांनी सांगितलं ते असं. तेरासाका इथे पुरलेला नाही, त्याच्या नावाचा नुसता दगड नंतर बसवला. आणि अठ्ठेचाळिसावा कायानो सांपेई. हा हल्ल्यात नव्हताच. बाप म्हणे दुसऱ्या धन्याची चाकरी धर, इकडे शपथ दिलेली. बापाला बेत सांगता येईना आणि शपथ मोडता येईना. हल्ल्याच्या जवळपास वर्षभर आधी त्याने जीव दिला. त्याचाही दगड आहे, बाकीच्यांच्या रांगेत, तेवढ्याच उंचीचा.

मी त्याच्यापुढे थोड्या जास्त ठेवल्या ह्या वेळी. आईला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, आणि त्या पोराला?

-----

मुक्ता_प

ठेवल्यात ना?

-----

निशीकासाईकर

ठेवल्या हो. आधी त्यालाच.